भाऊसाहेबांची उत्तरेची स्वारी

आमच्या बोक्याचं नाव भाऊसाहेब आहे, हे आम्ही डेहराडूनला जायचं ठरेपर्यंत कुणालाच खटकलं नव्हतं. आठ वर्षं तो पुण्यात भाऊसाहेब म्हणूनच वावरला. केशरी अंग, रुंद कपाळ, पोटाखाली सैल सुटलेली कातडी, चालताना ती दोन्ही बाजूंना डुलायची. दुसरं नाव त्याला शोभलंही नसतं. पण नवऱ्याच्या बदलीचं नक्की झालं, आम्ही सामानाची यादी करायला बसलो, आणि आईनं फोनवर विचारलं, "भाऊसाहेबांना उत्तरेला नेताय? इतिहास शिकली होतीस ना गं शाळेत?"

मी हसले. आई हसली नाही.

तिचा विरोध अर्थात पानिपतापुरता नव्हता. तिचं म्हणणं साधं होतं, कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचं. माणसं गेली तरी मांजर घराला धरून राहतं. मग मुक्या जिवांना दोन हजार मैल (आईचे मैल नेहमी असे फुगलेले असतात) कशाला फरफटवायचं? खाली वॉचमन आहे, चार दाणे टाकेल, नवीन भाडेकरू चांगले निघाले तर तेही बघतील. मी म्हटलं, "पण तूच सांगायचीस ना, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणून?"

"ती तिची ती फिरवते. तोंडात धरून. तुझ्यासारखी खोक्यात कोंबून नाही नेत."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तिची निम्मी बाजू मला पटतच होती.

दुसरी आमची ठकी. तीनरंगी, पांढऱ्यावर काळे आणि केशरी ठिगळ, तोंड अगदी जुन्या लाकडी ठकीसारखं गोल आणि कोरं. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच निघते, कारण केशरी आणि काळा हे रंग ठरवणारा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि दोन्ही एकदम दिसायला दोन एक्स लागतात. हे मला मांजरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आईला मी सांगितलं तर ती म्हणाली, "बाईच असणार, तोंडावरूनच कळतं."

आधी रेल्वेचा विचार केला. कुत्रा-मांजर बरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असावी लागते. तिकीट हातात असलं तरी कूपे मिळाला की नाही, हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. म्हणजे गाडी सुटायच्या काही तास आधीपर्यंत घर रिकामं, मांजरं कॅरियरमध्ये आणि आपण देवाच्या भरवशावर. शिवाय दिल्लीला गाडी बदलायची. हमालाच्या डोक्यावर बॅगा आणि आमच्या दोन्ही हातांत किंचाळणारे डबे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. विमानाचं त्याहून लवकर निकालात निघालं. तेव्हा ज्या एक-दोन कंपन्या मांजर केबिनमध्ये घेत, त्यांची वजनाची मर्यादा कॅरियर धरून होती, आणि भाऊसाहेब नुसतेच सहा किलो दोनशे भरले. खाली सामानाच्या कप्प्यात मी काही झालं तरी देणार नव्हते. राहिली आमची सात वर्षांची गाडी. पुण्याहून साधारण सतराशे किलोमीटर. तीन दिवस, दोन मुक्काम.

तारीख ठरवताना मी एक शहाणपणा केला, निदान तेव्हा मला तो शहाणपणाच वाटला. २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. फटाक्यांत मांजरांना हलवायचं नाही म्हणून आम्ही १ नोव्हेंबरला निघायचं ठरवलं. सगळे फटाके पुण्यात वाजून संपतील आणि आपण शांत डेहराडूनमध्ये उतरू, असा हिशेब होता. या हिशेबाकडे नंतर येते.

तयारी तीन आठवडे चालली. कॅरियर एकदम निघायच्या दिवशी काढायचा नाही, हा डॉक्टरांचा पहिला नियम. दार काढून हॉलमध्ये ठेवून द्यायचा, आत मऊ काहीतरी घालायचं, जेवण त्याच्या तोंडाशी, मग हळूहळू आत. ठकी चौथ्या दिवशी आत झोपायला लागली. भाऊसाहेब रोज येऊन कॅरियरच्या टपावर बसायचे. दुसरा नियम, आत जे घालाल ते धुवायचं नाही. मी आजीची गोधडी घातली, तिच्या नऊवारींची, दोन तुकडे करून. तीन आठवडे न धुतलेली गोधडी प्रवासाला नेणार हे कळल्यावर आईनं पुन्हा फोन केला.

आणि औषध. गाबापेंटिन, माणसांना नसांच्या दुखण्यावर देतात तेच. डॉक्टरांनी वजनं करून मात्रा लिहून दिली आणि आधी घरी एकदा देऊन बघा म्हणाले. ठकी नुसती झोपली. भाऊसाहेब मात्र दारू प्यायलेल्या इनामदारासारखे पाय फाकवून पॅसेजमधून गेले, भिंतीला टेकले, आमच्याकडे अपमानित नजरेनं पाहिलं आणि तिथेच बसले.

सामानाचा ट्रक २८ तारखेला गेला. त्यानंतरचे तीन दिवस आम्ही चौघं त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये दोन गाद्यांवर राहिलो. आवाज घुमायचा. ठकी सोफ्याच्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायची, सोफा अजून तिथेच असल्यासारखी.

शेवटच्या दिवशी मी भिंती पुसत होते. डिपॉझिट परत मिळायचं होतं ना! हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना जो कोपरा आहे, तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर एक मेणचट तपकिरी पट्टा होता. दरवर्षी मला वाटायचं, ओल आली. त्या दिवशी गुडघ्यावर बसून जवळून बघितलं तर त्यात बारीक केस चिकटलेले होते, केशरी आणि पांढरे. आठ वर्षं येताजाता दोघांनी तिथे गाल घासले होते. मांजराच्या गालात ग्रंथी असतात, त्यांचा वास असा जागोजाग लावून ते जागा आपलीशी करतं. आपल्याला तो वास येत नाही. म्हणजे मी ज्याला आमचं घर म्हणत होते, त्याच्यावर त्यांनी रोज सह्या केल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता. मी साबणाचं पाणी घेतलं आणि तो पट्टा घासून काढला. निघायला तयार नव्हता. शेवटी भांड्यांच्या घासणीनं निघाला.

संध्याकाळी ठकी त्या कोपऱ्याशी आली, हुंगलं, तोंड अर्धवट उघडं ठेवून कसली तरी शिसारी आल्यासारखा चेहरा केला. टाळूतल्या एका वेगळ्या इंद्रियाकडे वास पोचवायची ती त्यांची रीत असते, शिसारीचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. मग तिनं पुन्हा गाल घासला. नव्यानं. डिपॉझिट पूर्ण मिळालं.

पहाटे चारला निघालो. मागची सीट आडवी करून दोन्ही कॅरियर पट्ट्यांनी बांधलेले, खाली मेडिकलमधून आणलेले मोठ्या माणसांचे अंडरपॅड (मांजरांचे म्हणून मिळतात ते दुप्पट महाग आणि निम्मे लहान), वरून माझी ओढणी. उपाशी ठेवलं होतं, गाडी लागू नये म्हणून. औषध दिलेलं. सगळं पुस्तकाप्रमाणे.

मोशीच्या आधीच भाऊसाहेबांनी कार्यभाग उरकला. त्या बंद गाडीतला वास मी वर्णन करत नाही. चाकणला थांबलो, काचा बंद, दारं बंद, आणि मी मागच्या सीटवर उकिडवी बसून मोबाइलच्या उजेडात गोधडीचा तुकडा घडी करून फिरवून घातला. बदलायचा नव्हता ना! नवरा बाहेर उभा राहून चहा पीत होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली आहेत. तो चहा मी विसरलेले नाही.

त्यानंतर भाऊसाहेबांनी ओरडायला सुरुवात केली. त्याला म्याँव म्हणता येत नाही. पोटातून येणारा, दर बारा-पंधरा सेकंदांनी, "नाऽऽऊ" असा आवाज. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. मी गाणी म्हटली, रामरक्षा म्हटली, शेवटी नुसती बोलत राहिले, रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवल्या. संगमनेरच्या अलीकडे एकदम शांतता झाली. मी घाबरून ओढणी उचलली. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर ते चांगलं लक्षण नसतं, थांबायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तो झोपला होता. ठकी जागी होती. तिच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती आणि ती एक शब्दही बोलत नव्हती. काही माणसांचा त्रास दिसतो, काहींचा दिसत नाही, तसं.

नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे. हा आपला आग्रा रोड. आमच्या पिढीला तो टोलनाके आणि फूडमॉल म्हणून माहीत. पण मराठ्यांची उत्तरेशी जी काही देवघेव झाली तिचा बराचसा भाग याच बाजूनं गेला-आला. पळसनेर सोडून बिजासन घाट लागला तेव्हा नवरा म्हणाला, "भाऊसाहेब, महाराष्ट्र संपला." मागून उत्तर नाही. मग विषय पानिपतावर गेला, जाणारच होता. खरे भाऊ मार्च १७६० मध्ये निघाले; नर्मदा, ग्वाल्हेर, चंबळ करत फौज दिल्लीत पोचेपर्यंत पावसाळा अर्धा सरला होता. बरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. सैन्य वेगानं हलू शकलं नाही याचं खापर नेहमी बाजारबुणग्यांवर फुटतं. मी मागं वळून पाहिलं. लिटरची (मांजरांच्या ट्रेमध्ये घालायच्या मातीची) दहा किलोंची पिशवी, दोन ट्रे, फावडं, पाण्याचा कॅन, तीन टॉवेल, सुकटीचं पाकीट, औषधांची पेटी, जुनी वर्तमानपत्रं. आमच्या दोघांची मिळून एक बॅग.

खलघाटाला नर्मदा ओलांडली. पुलावर वेग कमी करून दोघांनी "नर्मदे हर" म्हटलं. त्या आवाजानं भाऊसाहेब जागे झाले आणि इंदूरपर्यंत पुन्हा नाऽऽऊ.

इंदूरला नवऱ्याच्या मावशी. त्यांनी पाठीमागची खोली आधीच रिकामी करून ठेवली होती, मांजरांना पलंगाखाली जाता येऊ नये म्हणून खालच्या फटीत उशा कोंबल्या होत्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "आमच्याकडे होती ना पूर्वी पाच," एवढंच म्हणाल्या. रात्री साडेदहाला दोघंही बाहेर आले, खाल्लं, आणि ट्रेमध्ये जाऊन खूप वेळ उकरत बसले. तो खरखर आवाज ऐकून मला जे समाधान झालं ते पोराच्या दहावीच्या निकालानंही झालं नसतं, आणि आम्हाला पोर नाही म्हणून हे मी बिनधास्त लिहू शकते.

सकाळी मात्र प्रश्न उभा राहिला. इंदूर त्याच महिन्याभरापूर्वी सलग सहाव्यांदा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं होतं आणि तिथे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. मांजराचं वापरलेलं लिटर कशात मोडतं? ओलं? सुकं? मावशी पिशवी हातात धरून फाटकाशी उभ्या. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या, आम्ही वाटेत टाकतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शहराची अब्रूच वाटेत टाकते म्हणाले होते. कचरागाडीचं गाणं वाजत आलं. गाडीवरच्या पोरानं पिशवीत डोकावलं, विचार केला, आणि डायपरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. मावशींचा चेहरा उजळला. आम्हाला पोहे, वर शेव, वर जिरावन, वर डाळिंबाचे दाणे मिळाले.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता लांब आणि बिनगोष्टीचा आहे. देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी. मांजरं झोपून होती. आपणच कंटाळतो.

ग्वाल्हेरला हॉटेल फोन करून ठरवलं होतं, मांजरं आहेत हे दोनदा सांगून. तिथे पोचल्यावर काउंटरमागचा माणूस कॅरियरकडे बघून म्हणाला, "बिल्ली? हमने सोचा डॉगी है." कुत्रा चालला असता. मांजर नाही, इतर गिऱ्हाइकांना आवडत नाही, कुणी सकाळी शुभ कामाला निघालं आणि ही आडवी गेली तर? मी म्हटलं, आडवी जायला आधी बाहेर तर यायला हवी ना? रात्रीचे आठ वाजले होते. मी त्या शहरातल्या मराठी सरदारांची नावं घेत त्याला काही सांगणार होते, पण माझं हिंदी रागात पार मोडतं. शेवटी स्टेशनच्या बाजूला एका लहानशा लॉजच्या मालकानं पाचशे रुपये जादा घेऊन खोली दिली. त्याच्या गल्ल्याखालच्या खोक्यात मांजरीनं चार पिल्लं घातली होती.

तिसऱ्या दिवशी चंबळ, आग्रा, यमुना एक्स्प्रेसवे, मग दिल्लीला बाहेरून वळसा घालून मेरठ, मुझफ्फरनगर. उसाच्या ट्रॉल्या. गुऱ्हाळांचा गोड करपट वास गाडीत भरला तेव्हा मला सांगलीकडचं गाव आठवलं आणि उगीचच भरून आलं. तीन दिवस न झोपल्याचा तो परिणाम असावा. संध्याकाळी मोहंडच्या जंगलात शिरलो. नव्या उन्नत रस्त्याचे खांब नदीच्या कोरड्या पात्रात ओळीनं उभे राहत होते. कठड्यावर माकडं बसली होती. ओढणी सरकली असावी, कारण भाऊसाहेब एकदम ताठ होऊन जाळीतून बाहेर बघत होते. माकडही बघत होतं. ट्रॅफिक पाच मिनिटं हललं नाही, आणि तेवढा वेळ दोघांनी एकमेकांवरची नजर काढली नाही. मग डाटकालीचं देऊळ, बोगदा, आणि पलीकडे दून खोऱ्यातले दिवे.

घर तळमजल्याचं, मागे लिचीचं झाड. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एकच खोली उघडली, दोघांना तिथे ठेवलं, गोधड्या अंथरल्या. पहिली रात्र छान गेली. ३ नोव्हेंबर.

४ नोव्हेंबरला सकाळी ट्रक आला. दिवसभर सामान उतरत होतं, मांजरांची खोली बंद. संध्याकाळी हमाल गेल्यावर आम्हाला वाटलं, आता हरकत नाही, दार उघडू या, आपला सोफा, आपलं कपाट बघून त्यांना बरं वाटेल. खोक्यांच्या डोंगरातून भाऊसाहेब हुंगत हुंगत हॉलमध्ये आले. सात वाजले होते. आणि बाहेर फटाक्यांची माळ लागली.

कार्तिकी एकादशी. आपल्याकडे पंढरपूरची वारी, दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं. गढवालात मात्र त्या दिवशी इगास असते, दिवाळीनंतर अकरा दिवसांनी येणारी त्यांची हक्काची दिवाळी. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पोरं चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, लाकडाच्या जळत्या मोळ्या दोराला बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवत होती, भैलो म्हणतात त्याला. फार सुंदर दिसत होतं. फटाकेही भरपूर होते. माझा २४ ऑक्टोबरचा हिशेब त्यात जळून गेला.

नवरा पाणी भरायला मागच्या दारानं गेला होता. ते दार किती वेळ उघडं होतं यावर आमचं आजही एकमत नाही. फटाके थांबले तेव्हा ठकी कपाटावर होती आणि भाऊसाहेब कुठेच नव्हते.

नऊपर्यंत घर शोधलं. मग गल्ली. ज्या गावात आपल्याला किराणामालाचं दुकान ठाऊक नाही, तिथे रात्री बॅटरी मारत "भाऊ! ए भाऊ!" म्हणून हिंडायचं. लोकांना वाटलं, कुणाचा तरी भाऊ हरवलाय. दोन तरुण मदतीला आले, वय विचारलं, मी आठ म्हटलं, तर ते पोलिसांना फोन करायला निघाले. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "क्या हुआ, भुली?" भुली म्हणजे धाकटी बहीण, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला आत नेलं, बसवलं, हातात अरसे ठेवले. तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळून तळलेले. मी रडत रडत खाल्लं आणि खाताखाता लक्षात आलं की हा तर खसखस नसलेला अनारसा आहे.

घराबाहेर पडलेलं मांजर पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुधा जवळपासच दडून असतं, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. वासानं येईल. म्हणून दुसऱ्या रात्री मी मागच्या अंगणात शेगडी ठेवून सुकट भाजली. डेहराडूनच्या त्या गल्लीत सुकट बहुधा पहिल्यांदाच भाजली गेली असावी. तीन घरांतून माणसं बाहेर आली. पाच मांजरं आली. आणि दहाच्या सुमाराला काकूंनी शालीत गुंडाळून एक केशरी बोका आणला. "मिल गया, भुली!"

मी त्याला छातीशी धरला. रुंद कपाळ, तोच रंग. थोडा हलका लागला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, तिलाही आदल्या रात्री झोप नव्हती. "हाच तो," आई म्हणाली, "वाळलाय बिचारा." त्याला घरात सोडलं. कपाटावरून ठकीनं एक नजर टाकली, पाठीची कमान केली आणि असा फूत्कार सोडला की तो बोका दोन खोक्यांमागे जाऊन बसला. मी म्हटलं, वेगळ्या वासामुळे ओळखत नसेल. नवऱ्यानं काही न बोलता बॅटरी घेतली आणि त्याचे कान बघितले. आमच्या भाऊंच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, नसबंदीची खूण. याचे दोन्ही कान शाबूत.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचं नाव सांगत एक तोतया उभा राहिला होता. त्याच्यामागे माणसं गेली, कारण माणसांना ते खरं असायला हवं होतं. पार्वतीबाईंनी तर नवरा जिवंत आहे म्हणून कुंकूही पुसलं नव्हतं. १७७६ साली तोतयाला देहदंड झाला. शाळेत हा धडा वाचताना मला नेहमी वाटायचं, लोक इतके कसे फसले? त्या रात्री मी तो शाबूत कान दोन बोटांत धरून दोनदा तपासला, चुकून टोक परत उगवलं असेल म्हणून.

तोतयाला देहदंड दिला नाही. सुकट दिली.

तिसऱ्या पहाटे, दोन-अडीचला, मला जाग आली. हॉलमध्ये ठकी सोफ्यासमोर बसली होती, शेपटी पायांभोवती गुंडाळून. मग मला एकेक आठवायला लागलं. ती कालही तिथेच होती. परवाही कपाटावरून उतरली ती तिथेच बसली. आम्हाला वाटलं, ओळखीचा सोफा म्हणून बसते. मी तिच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले आणि कान लावला. आतून अगदी बारीक, कापड खरवडल्यासारखं काहीतरी.

सोफा आम्ही दोघांनी उलटा केला. खाली जे काळं पातळ कापड ठोकलेलं असतं, ते एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, हाताच्या पंजाएवढं. स्प्रिंगा आणि लाकडाच्या मधल्या पोकळीत, पुण्याची आठ वर्षांची धूळ, एक हरवलेली पेन्सिल आणि एक जुना मोजा यांच्यात, भाऊसाहेब बसले होते. घरातून गेलेच नव्हते. दोन दिवस आम्ही परक्या गल्ल्यांतून हाका मारत होतो आणि ते पुण्यात जाऊन बसले होते.

डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा अर्धा वर आलेला. हाताला नाक गरम. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून जाडं असलं, तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे मी त्याला ओढून काढणारच होते. नवरा म्हणाला, "थांब." त्यानं बशीत सुकट आणली, फटीपाशी ठेवली आणि आम्ही दिवा मालवून स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं चावण्याचा आवाज आला. आम्ही तिथेच फरशीवर, पाठीला पाठ लावून, उजाडेपर्यंत बसलो. चाकणच्या चहाचा विषय मी त्या रात्री काढला नाही.

आईला सकाळी फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? मांजर घराला धरून असतं."

आता तीन हिवाळे झाले. डिसेंबरात संध्याकाळी मावळतीचं आकाश बघायला आम्ही गच्चीवर जातो. मांजरं येत नाहीत, ती दुपारच्या उन्हाची गिऱ्हाइकं. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर वीतभर उंचीला रंग काळवंडायला लागलाय. घरमालक विचारत होते, ओल आली का. मी हो म्हटलं. तोतया मागच्या अंगणातच राहतो, त्याचीही नसबंदी करून आणली. आता त्याच्याही कानाचं टोक कापलेलं आहे, त्यामुळे संध्याकाळच्या अंधारात मी अजूनही फसते.

गेल्या आठवड्यात रेबीजची लस द्यायची होती. यावेळी दारबीर काढून सवय करायला वेळ नव्हता, मी माळ्यावरून कॅरियर उतरवला, धूळ झटकली आणि हॉलमध्ये ठेवला. ठकी पडद्यामागे गेली. भाऊसाहेब सोफ्याखालच्या त्या फाटक्या कोपऱ्यातून आत शिरले; ते शिवून घ्यायचं आम्ही कधी मनावर घेतलंच नाही. मी त्यांना काढायला पालथी पडले, हात कोपरापर्यंत आत घातला, पंजा खाल्ला, आणि वर बघते तो मागच्या दारातून तोतया आला होता. त्यानं कॅरियरला एक फेरी मारली, गोधडी हुंगली, आत गेला, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि बसला.